घर वारसांना देण्यासाठी ते हयातीतच सोडावे का लागावे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा अधिनियम, १९२५ मधील कलम २१३ वगळले आणि मुंबईतील घराचे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करून प्रोबेट, म्हणजे ते मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळवण्याची सक्ती संपली. वडिलांच्या पश्चात त्यांच्याच घरावर आपले नाव लागावे म्हणून ज्यांनी उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. मी या बदलाच्या पूर्णपणे बाजूने आहे. मात्र ज्या गरजेपोटी ती सक्ती आली होती ती गरज अजून शिल्लक आहे आणि ती भागवणारी दुसरी सोय आपण उभी केलेली नाही. ती सोय दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उभी राहू शकते आणि ती उभी करण्यास उशीर झाला तर त्याची किंमत घरातील वृद्ध माणसे मोजतील, असे माझे म्हणणे आहे.

मुळात ही सक्ती सरसकट कधीच नव्हती. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने १ सप्टेंबर १८७० नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, म्हणजे ढोबळमानाने मुंबईत, केलेले मृत्युपत्र, अथवा इतरत्र केलेले पण त्या क्षेत्रातील स्थावर मिळकतीविषयीचे मृत्युपत्र, यांना ती लागू होती. मद्रास शहर आणि बंगाल यांच्यासाठीही असाच नियम होता. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने एकाच मृत्युपत्राने पुण्यातील वाडा एका मुलीला आणि दादरचा फ्लॅट दुसऱ्या मुलीला दिला असेल, तर पहिलीला प्रोबेटची गरज नव्हती आणि दुसरीला होती. मुस्लिमांच्या मृत्युपत्रांना हे बंधन नव्हतेच आणि २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती नागरिकही त्यातून सुटले. एकाच देशात, एकाच प्रकारच्या कागदाला धर्म आणि शहर पाहून वेगळी वागणूक देणारा हा नियम दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला, हेच आश्चर्य म्हणायचे.

तरीही प्रोबेटचे एक काम फार मोलाचे होते आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. प्रोबेट न्यायालय घर कोणाच्या मालकीचे होते हे ठरवत नाही. हे मृत्युपत्र खरे आहे का, ते करणाऱ्याने शुद्धीत आणि स्वेच्छेने केले आहे का, एवढेच ते पाहते. पण एकदा प्रोबेट मिळाले की तो निर्णय केवळ न्यायालयात आलेल्या पक्षकारांपुरता राहत नाही, तो सर्वांना मानावा लागतो. सोसायटीचा सचिव, कर्ज देणारी बँक, घर विकत घेणारा माणूस, या कोणालाही त्या मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल स्वतः शोध घ्यावा लागत नाही. शिवाय प्रोबेटच्या अर्जावर निर्णय होण्यापूर्वी इतर वारसांना न्यायालयाची नोटीस जाते आणि वगळलेल्या मुलीला किंवा भावाला आपण वगळले गेलो आहोत हे निदान कळते. खात्री आणि नोटीस या दोन गोष्टींसाठी प्रोबेट होते. ती द्यायला न्यायालय फार वेळ आणि फार पैसा घेत होते, ही आपली तक्रार होती.

आता सक्ती नाही, आणि वारसाच्या हाती उरतो एक कागद. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर लिहिता येते, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि नोंदणी कायदा, १९०८ नुसार त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. हा सोपेपणा चांगलाच आहे. पण माणसाने तीन मृत्युपत्रे केली असतील तर शेवटचे खरे, आणि शेवटचे कोणते हे सांगणारी कोणतीही वही नोंदणी न केलेल्या मृत्युपत्रांसाठी कोठेही नाही. मग सोसायटीसमोर असा कागद आला की कार्यकारिणी आपल्या बचावासाठी एकच मार्ग धरते: सगळ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणा. याचा अर्थ असा होतो की आईने विचारपूर्वक ज्या मुलाला घरातून वगळले, त्याच मुलाच्या सहीवाचून आईची इच्छा अमलात येत नाही. मृत्युपत्र करण्याचा हेतूच येथे मोडून पडतो. वगळलेला वारस त्या सहीची किंमत मागतो आणि दमलेले कुटुंब बहुतेकदा ती देऊन टाकते.

शेतजमिनीची कथा फार वेगळी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत आपला हक्क गावच्या महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे ज्याला आपण अजून तलाठीच म्हणतो त्याला, कळवायचा असतो. मृत्युपत्राच्या आधारे फेरफार धरला, इतर वारसांना नोटिसा गेल्या आणि एकाने हरकत घेतली, की ती नोंद वादग्रस्त ठरते आणि प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. तेथे नाव लागले तरी सातबाऱ्यावरील नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. त्यातच चुकीच्या दाखल्यांमागे धावण्यात अनेकांची वर्षे जातात. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे मृताची येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, घरासाठी किंवा जमिनीसाठी नव्हे. पण ते मिळवल्यावर घराचेही काम होईल, अशा समजुतीने अर्ज करणारे लोक आजही आहेत.

या अनिश्चिततेला कंटाळून, किंवा तिच्या भीतीने, माणसे जो मार्ग निवडतात तो मला सर्वांत चिंतेचा वाटतो. तो मार्ग म्हणजे हयातीतच बक्षीसपत्र करून टाकणे. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची असल्याने कागद पक्का होतो आणि सोसायटीत, सिटी सर्व्हेत, तलाठ्याकडे नाव सहज बदलते. मृत्यूनंतरची कटकट टाळायची असेल तर घर आत्ताच मुलाच्या नावावर करा, हा सल्ला म्हणूनच घरोघरी दिला जातो. व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही. त्याचे परिणाम मात्र देणाऱ्याने भोगायचे असतात.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार बक्षीस घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावे लागते आणि स्वीकारले की ते पूर्ण होते. मला वाटेल तेव्हा मी हे बक्षीस परत घेईन, अशी अट घातली तर कायदा ते बक्षीसच त्या मर्यादेपर्यंत शून्य मानतो. म्हणजे सत्तर वर्षांची आई ज्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर अंगठा देते त्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीने राहू लागते. मुलगा चांगला असला तरी मालकी त्याची होते आणि मालकीबरोबर त्याच्या अडचणीही घराशी जोडल्या जातात. त्याने घर तारण ठेवले, त्याचा धंदा बुडाला, तो आईआधी वारला आणि घरात त्याच्या पत्नीचा व मुलांचा हिस्सा निर्माण झाला, तर घर पूर्वीसारखे आईच्या हाती राहत नाही. मुलाचे वर्तन वाईटच असेल, असे गृहीत धरण्याची येथे गरज नाही. नियतीही पुरेशी आहे.

अशा वृद्धांच्या रक्षणासाठी ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. काळजी घेण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे. केवळ नाते आहे म्हणून ती गृहीत धरता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे म्हणत एका आईने मुलाला दिलेले बक्षीस रद्द ठरवले आणि ताबाही परत देण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात मुलाने काळजी घेण्याचे वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेले होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. पण ज्या उपायासाठी आईला मुलाविरुद्ध अर्जदार म्हणून उभे राहावे लागते, तो उपाय वापरावा लागू नये म्हणून ती किती सहन करील, याचा अंदाज कोणत्याही निकालपत्रात येत नाही. बक्षीसपत्र करणाऱ्या पुष्कळ आईवडिलांना खरे तर बक्षीस द्यायचेच नसते. त्यांना आपल्यानंतरची व्यवस्था लावायची असते आणि कायद्याने ती व्यवस्था भरवशाने लावण्याचे साधन न दिल्यामुळे ते हातातील घर देऊन मोकळे होतात.

बाकीचे प्रचलित उपाय थोडक्यात पाहू, कारण ते उपाय नाहीतच. सोसायटीतील नामनिर्देशनाने नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे नवे प्रकरण आले, त्यानुसार खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते, एवढेच. विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले आहे की मृत्युपत्र आणि वारसा कायदा यांखेरीज नामनिर्देशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असले म्हणजे एकाच्या मृत्यूनंतर ते आपोआप दुसऱ्याचे होते, हाही गैरसमज आहे. दस्तात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर मृताचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो, आणि हिंदू वारसा कायद्याखाली त्या वारसांत पत्नी आणि मुलांबरोबर मृताची आईही असते, हे अनेक सुनांना पतीच्या निधनानंतरच कळते. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. खासगी न्यास करणे शक्य आहे, पण एका दोन खोल्यांच्या घरासाठी न्यास करा असे सामान्य कुटुंबाला सांगणे हे काही उत्तर नव्हे.

मग काय हवे? मालक जिवंत असेपर्यंत घर पूर्णपणे त्याचेच राहील, तो ते विकू शकेल, तारण ठेवू शकेल, आपला निर्णय कितीही वेळा बदलू शकेल, आणि त्याच्या मृत्यूनंतर मात्र न्यायालयात न जाता ते घर त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या नावावर होईल, असा एक नोंदणीकृत दस्त हवा. ही काही हवेतील कल्पना नाही. अमेरिकेतील मिझुरी राज्याने १९८९ मध्ये असा दस्त कायद्यात आणला, २००९ मध्ये तेथे राज्यांसाठी त्याचा एक नमुना कायदा तयार झाला आणि आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत तो वापरात आहे. दस्त हयातीतच नोंदवायचा असतो, पण घेणाऱ्याला हयातीत कोणताही हक्क मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला नोंदणी कार्यालयात दिला की मालकी पुढे जाते. मालकाच्या कर्जाचा बोजा घराबरोबर जातोच, त्यामुळे सावकाराचेही नुकसान होत नाही.

आपल्याकडे असा दस्त आज केला तर न्यायालय त्याला मृत्युपत्रच मानील, कारण जो कागद रद्द करता येतो आणि मृत्यूनंतरच अमलात येतो त्याचे कायद्यातील नाव तेच आहे. म्हणून परका साचा उचलून आणण्यापेक्षा आपल्याच नोंदणीकृत मृत्युपत्राला अधिक बळ देणे मला योग्य वाटते. त्यासाठीची निम्मी यंत्रणा आधीपासून आहे. मृत्युपत्र केव्हाही नोंदवता येते, बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही तरतूद नोंदणी कायद्यात आहे, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त करणाऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे रोज घेतले जातात. कमी आहे ती एवढीच की या नोंदणीला पुढे किंमत नाही: नोंदवलेले मृत्युपत्रही वाद झाल्यास साक्षीदार बोलावून सिद्ध करावे लागते, आणि वीस वर्षांपूर्वीचे दोन्ही साक्षीदार हयात असतीलच असे नाही.

कायद्याने म्हणून एक विशेष प्रकारचे नोंदणीकृत मृत्युपत्र मान्य करावे, जे फक्त एका निश्चित स्थावर मिळकतीपुरते असेल. ते करणाऱ्याने स्वतः हजर राहावे, जो लाभार्थी आहे त्याला बाहेर बसवून निबंधकाने मृत्युपत्र करणाऱ्याशी एकट्याने बोलावे आणि ते बोलणे चित्रित करून जतन करावे. नोंदणीनंतर मिळकतीच्या अभिलेखात असे मृत्युपत्र अस्तित्वात आहे एवढीच खूण राहावी, मजकूर गुप्त राहावा. ते रद्द करायचे तर त्याच पद्धतीने, नोंदणी करूनच, रद्द करता यावे, म्हणजे शेवटचे कोणते हा प्रश्न उरणार नाही. मृत्यूनंतर लाभार्थ्याने दाखला हजर केला की सर्व वारसांना नोटीस जावी, ठरावीक मुदतीत हरकत आली नाही तर निबंधकाने प्रमाणपत्र द्यावे आणि ते सोसायटी, बँक, भूमापन कार्यालय व महसूल अधिकारी यांच्यावर बंधनकारक असावे. हरकत आली तर मात्र प्रकरण न्यायालयात जाईल. तेथे तो वाद जायलाच हवा. जेथे कोणाचाच वाद नाही अशा घरांना तेथे पाठवणे आपण थांबवायचे आहे.

या मांडणीवर एक आक्षेप आहे, ज्याचे गांभीर्य मी कमी लेखत नाही. न्यायालयाचा उंबरठा काढून टाकला तर घरातील बलवान माणूस दुबळ्याकडून हवा तो कागद करून घेईल, आणि त्यात सर्वांत आधी मुलींचे नुकसान होईल. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वडील हयात असोत वा नसोत तिला आहे हे स्पष्ट केले. तरीही भावाच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. हे सगळे खरे आहे. पण ती हक्कसोडपत्रे आजही न्यायालयाबाहेर, दुय्यम निबंधकाच्या टेबलावरच होतात, आणि बहुतेक वेळा नेमके हेच कारण सांगून की सगळ्यांची नावे राहिली तर पुढे कटकट होईल. बहिणीची सही मागितली जाते ती मृत्युपत्रावर कोणी भरवसा ठेवत नाही म्हणूनही. मुलीला घर देऊ इच्छिणाऱ्या बापाचे मृत्युपत्र जर निःसंशय चालणारे असेल, तर भावाच्या ना-हरकतीची गरज तिला राहणार नाही. ज्याला वडिलोपार्जित हिस्सा म्हणतात तो तर मृत्युपत्राने हिरावून घेता येतच नाही. मृत्युपत्र करणाऱ्याला फक्त आपल्या स्वतःच्या हिश्श्याची विल्हेवाट लावता येते आणि या प्रस्तावाने त्यात बदल होत नाही.

दबावाचा धोका मात्र खरा आहे आणि म्हणूनच वर सांगितलेल्या दोन गोष्टींवर तडजोड होता कामा नये: निबंधकाने एकट्याने बोलणे आणि मृत्यूनंतर प्रत्येक वारसाला प्रत्यक्ष नोटीस पोहोचणे. वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली जाहीर नोटीस ही नोटीस मानू नये. सासरी दुसऱ्या जिल्ह्यात राहणारी मुलगी ते वर्तमानपत्र वाचत नसते. आपल्या नोंदणी कार्यालयांतील गर्दी आणि मध्यस्थांचा वावर पाहता, निबंधक असे शांतपणे बोलेल का, अशी शंका कोणी घेतली तर तीही रास्तच आहे. पण बक्षीसपत्रासारखा न फिरवता येणारा दस्त आपण त्याच गर्दीत रोज होऊ देतो. फिरवता येणारा दस्त त्याच जागी करण्यात धोका नक्कीच कमी आहे, कारण दबावाखाली सही केलेली आई दुसऱ्या आठवड्यात येऊन ती रद्द करू शकेल.

प्रशासनाला हे जमणार नाही, असेही म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यापासून सुरू झालेली आणि नंतर राज्यभर नेलेली जिवंत सातबारा मोहीम काय होती? मरून वर्षे लोटलेल्या खातेदारांची नावे काढून तेथे वारसांची नावे लावण्याचे काम महसूल खात्याने स्वतः गावात जाऊन हाती घेतले. अशी मोहीम काढावी लागली यातच सातबाऱ्यावर किती मृत माणसे जिवंत होती याची कबुली आहे, आणि ती काढता आली यात हे काम न्यायालयाबाहेर होऊ शकते याचा पुरावाही आहे. शहरातील घरांसाठी असे काही झालेले नाही.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. शतकाहून जुना कायदा बदलला जात असताना मृत्युपत्राच्या नोंदणीला परिणाम देणारे एक प्रकरण त्यात घालण्याची मागणी वकील संघटना, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनांनी एकत्र येऊन करावी. केंद्राने ती मानली नाही तरी महाराष्ट्राचा मार्ग बंद होत नाही. मृत्युपत्रे व वारसा, तसेच दस्तांची नोंदणी हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा यादीत, आहेत, आणि राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. मुद्रांकाच्या कायद्यात दुरुस्ती करून राज्याने बक्षीसपत्र २०० रुपयांत करून दिले, म्हणजे घर लवकर सोडणे स्वस्त केले. आता त्याच राज्याने ते शेवटपर्यंत जवळ ठेवून देण्याची सोय करावी.